डाव्या हाताच्या चिठ्ठ्या

ओव्हाळ बाईंनी मला कधीच नावाने हाक मारली नाही. सदाशिव पेठेतल्या त्या मुलींच्या शाळेत मी संगणक शिकवायला लागलो तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि बाईंना जीवशास्त्र शिकवायला लागून पंचवीस वर्षं झाली होती. पहिल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी एका खुर्चीवर टेकलो, तर त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. "अहो संगणक, ती खुर्ची मोडकी आहे. नव्या माणसाला मुद्दाम देतात." मी घाईघाईने उठलो. बाकीच्या शिक्षिका खिडकीबाहेर बघायला लागल्या. तेव्हापासून मी 'अहो संगणक' झालो, तो आजतागायत.

बाई ठेंगण्या, सावळ्या, आवाजाने खणखणीत. कर्वेनगरहून लूनावर यायच्या. साडी कायम सुती, पदर कमरेला खोचलेला आणि चष्म्याच्या डबीत रंगीत खडू. चष्मा दिवसभर नाकावरच असतो, मग डबी रिकामी कशाला ठेवायची, असं त्यांचं म्हणणं. त्या फळ्यावर हृदय काढायला लागल्या की व्हरांड्यातून जाणारे शिपाई गणपतमामासुद्धा दोन मिनिटं थबकायचे. पण चित्रांपेक्षा बाईंचा हट्ट होता तो नावांचा. मी सोडून जगातल्या प्रत्येक गोष्टीला तिच्या नावानेच हाक मारायची, असा त्यांचा नियम होता.

एकदा मधल्या सुट्टीत एक मुलगी पोट धरून आली आणि म्हणाली, "बाई, मला तिथे दुखतंय."

"तिथे म्हणजे कुठे? स्वारगेटला?"

मुलगी कळवळत होती, तरी हसली.

"नाव आहे ना त्याला? मग नाव घे. उद्या डॉक्टरपुढे बसशील, तो काय पत्ता विचारत फिरणार आहे?"

मुलीने खाली मान घालून, पण नाव घेतलं. मग बाईंनी तिला लूनावर मागे बसवून स्वतः घरी सोडलं आणि पुढचा तास दहा मिनिटं उशिरा घेतल्याबद्दल वर्गाची माफी मागितली. मुलींची माफी मागणारी दुसरी शिक्षिका मी त्या शाळेत बघितली नाही.

पुस्तकात प्रजननाचा एक पाठ होता. तो शिकवायची आमच्या शाळेची ठरलेली पद्धत होती. इतर शिक्षिका वर्गात यायच्या, फळ्यावर पाठाचं नाव लिहायच्या, "हा सोपा आहे, घरी वाचा," म्हणायच्या आणि नाव पुसून पुढच्या पाठाला लागायच्या. वर्षानुवर्षं हेच. अख्ख्या पुस्तकात सोपा म्हणून सोडलेला तो एकच पाठ. ओव्हाळ बाई त्याला आठ तास घ्यायच्या. एकदा यावरून खोलीत कुजबूज चालली होती, तेव्हा संस्कृतच्या एक शिक्षिका डब्यातली पोळी मोडता मोडता म्हणाल्या, "त्यांच्यात चालतं हो हे सगळं." ओव्हाळ बाईंच्या घरात छप्पन साली बौद्ध धर्म आला, हे सगळ्या खोलीला ठाऊक होतं आणि 'त्यांच्यात'चा अर्थही सगळ्यांना कळला. बाईंनी वहीतून डोकंसुद्धा वर काढलं नाही. "हो ना. आमच्यात मुलं जन्माला येतात. तुमच्यात आकाशातून पडत असतील."

ती वर्षं कशी होती ते सांगायला हवं, नाहीतर माझा संताप कळायचा नाही. पुण्यात तेव्हा रोज काहीतरी नवीन उघडत होतं. गच्च्यांवर टीव्हीच्या डिशच्या छत्र्या आल्या होत्या. शाळेच्या गल्लीत दोन सायबर कॅफे झाले होते, आत प्लायवूडचे खोके आणि खोक्यांना पडदे. समोरच्या भिंतीवर गुप्तरोगाच्या हमखास इलाजाची जाहिरात, हातभर अक्षरांत. माझ्या संगणक कक्षाच्या उद्घाटनाला नारळ फोडला होता, आत यायचं तर चपला काढाव्या लागत आणि खुद्द मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, तिथे उदबत्ती लावायला येत. वर्षातून एकदा सॅनिटरी नॅपकिनच्या कंपनीची एक चुणचुणीत बाई यायची, दारं लावून हॉलमध्ये पंधरा मिनिटं बोलायची आणि प्रत्येकीला एक पाकीट द्यायची, वर्तमानपत्रात गुंडाळून. कंपनीला शाळेचा हॉल चालत होता, भिंतीला जाहिरात चालत होती. न चालणारं एकच होतं, वर्गातल्या बाईंनी मुलींशी बोलणं.

माझ्या दुसऱ्या वर्षी बाईंनी नववी 'ब'च्या वर्गात दर शनिवारी शेवटचा अर्धा तास प्रश्नांसाठी ठेवला. पेटी माझ्याकडून नेली, कीबोर्डचा रिकामा खोका. वर ब्लेडने फट पाडली. मुलींनी नाव न घालता चिठ्ठी टाकायची, बाई उत्तर देणार. बेत चांगला होता आणि पहिल्याच शनिवारी फसला. बाईंनी एक चिठ्ठी उघडली, वाचायच्या आधीच त्यांची नजर तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीकडे गेली. मुलगी लालबुंद झाली आणि अख्खा वर्ग वळून तिच्याकडे बघायला लागला.

बाई तास संपल्यावर माझ्या कक्षात आल्या, चपला न काढता. "पंचवीस वर्षं वह्या तपासल्या हो. आता अक्षर वाचायच्या आधी मुलगी दिसते." इतकं अस्वस्थ मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मग म्हणाल्या, "तुमच्या यंत्रावर सगळ्यांचं अक्षर सारखंच येतं ना? मुलींना प्रश्न तिथे टाइप करू द्या."

मी म्हणालो, मोठ्या बाईंना विचारावं लागेल. विचारलं. मोठ्या बाई म्हणाल्या, संगणक कक्षात अभ्यासक्रमाबाहेरचा एक शब्द उमटता कामा नये. मी मान डोलावली. माझी नेमणूक वर्षावर्षाची होती, दर जूनमध्ये नवीन पत्र मिळायचं.

पुढच्या शनिवारी बाईंनी वर्गात सांगितलं, "चिठ्ठ्या डाव्या हाताने लिहा." झालं. सगळ्यांची अक्षरं कोंबडीच्या पायांसारखी, कुणाचं कुणाला कळेना. मुली मोकळ्या झाल्या. पेटी गच्च भरायला लागली. बाई ती माझ्या कक्षात आणून उघडायच्या, कारण तिथे शांतता असायची, आणि वाकड्या अक्षरांशी झटापट करत बसायच्या. पाळी आली की लोणच्याला हात लावला तर ते खरंच नासतं का, मुलाशी बोललं तर काही होतं का, भिंतीवरचा तो रोग आपल्याला होईल का. बाई वाचून कधी हसायच्या, कधी चिडायच्या. "नववीतल्या मुली आहेत या. आणि हिला वाटतंय टॉवेल बदलला नाही तर मूल होतं. कोण सांगतं यांना हे? आणि आपण म्हणायचं, सोपा आहे, घरी वाचा."

सातव्या की आठव्या शनिवारी पेटीतून एक चिठ्ठी निघाली. मी समोरच बसलो होतो. बाकी सगळ्या चिठ्ठ्या वेड्यावाकड्या आणि ही मात्र सुबक, एका रेषेत, वळणदार. बाईंनी ती दोनदा वाचली आणि माझ्यापुढे सरकवली.

"बाई, क्लासचे सर मला सगळ्यांनंतर थांबवून घेतात आणि हात लावतात. मला आईला सांगायचंय. पण याला काय म्हणतात? आणि माझं काय चुकलं?"

बाईंनी चिठ्ठी परत घेऊन उजेडाला धरली. मग म्हणाल्या, "हे अक्षर मी कधी बघितलेलं नाही." नववी 'ब'च्या अठ्ठावन्न मुलींच्या वह्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या आणि हे अक्षर त्यांतल्या एकीचंही नव्हतं. सोमवारी त्या सकाळी सकाळीच आल्या. "डावखुरी आहे. मी डावा हात म्हणाले, तिने तिच्या हाताने लिहिलं. आपल्या प्राथमिक विभागाने मारूनमुटकून उजव्या हातावर आणलेली मुलगी आहे ती." हे खरं होतं. आमच्या शाळेत पहिली-दुसरीतच डावखुऱ्या मुलींच्या बोटांवर पट्टी बसायची, नववीपर्यंत एकही डावखुरी शिल्लक राहायची नाही. तिचं खरं अक्षर शाळेत कुणीच बघितलेलं नव्हतं.

बाई कामाला लागल्या. शनिवारी सगळ्या वर्गासमोर उत्तर द्यायचं हे तर ठरलंच होतं, पण त्याआधी मुलगी सापडली तर बरं. त्यांनी प्रात्यक्षिकाला जास्वंदीची फुलं आणली आणि मुलींना ब्लेडने उभी कापायला सांगितली. हात आपोआप खरं बोलतो. पाच जणींनी ब्लेड डाव्या हातात धरलं. बाईंनी पाचही नावं खडूच्या डबीतल्या कागदावर लिहून ठेवली.

आणि शुक्रवारी पालक आले.

एका मुलीने घरी जेवताना, आजीसमोर, 'मासिक पाळी' हा शब्द उच्चारला होता. एवढंच. तिचे वडील सॉफ्टवेअर कंपनीत होते, नुकतेच परदेशातून आले होते. त्यांच्याबरोबर आणखी आठ-दहा जण. मोठ्या बाईंच्या खोलीत सगळे बसले. पेटी माझ्या कक्षातली म्हणून मलाही बोलावलं. "आम्ही मागासलेले नाही," ते वडील म्हणाले. "माझ्याकडे घरी इंटरनेट आहे. पण शाळा ही शाळा असते. या वयात त्यांच्या डोक्यात हे घालायचं कशाला?"

"घालत नाही. डोक्यात जे आहे ते पेटीत येतं," बाई म्हणाल्या. मग त्यांनी चिठ्ठी वाचून दाखवली. मला वाटलं, झालं, आता सगळ्यांना कळेल.

"कुणाची आहे ही?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"माहीत नाही. म्हणूनच एक शनिवार द्या. उद्याचा. तिला वर्गात उत्तर द्यायचंय, मग पेटी बंद करा, मला पाचवीवर पाठवा, काय हवं ते करा. एकच शनिवार."

ते वडील टेबलावरच्या पेटीतल्या चिठ्ठ्या चाळून ही चिठ्ठी हातात घेऊन बघत होते. "बाकीच्या चिठ्ठ्या गिचमीड आहेत. हीच एवढी सुंदर कशी? कशावरून तुम्हीच लिहिली नसेल?"

"डावखुऱ्या मुलीने लिहिली आहे."

प्राथमिकच्या मुख्य बाई तिथेच होत्या. त्या ताठ बसून म्हणाल्या, "आमच्याकडून एकही डावखुरी मुलगी वर जात नाही." अभिमानाने म्हणाल्या त्या हे.

तेव्हा मोठ्या बाई माझ्याकडे वळल्या. "सर, पेटी तुमच्या खोलीत उघडली म्हणे. ही चिठ्ठी पेटीतून निघताना तुम्ही बघितली का?"

मी बघितली होती. टेबलाच्या या बाजूला मी, त्या बाजूला बाई, मध्ये खोका. मी म्हणालो, "मी कामात होतो. माझं लक्ष नव्हतं."

बाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी झाली. शनिवारचा तास बंद. बाईंनी मुलींशी 'अशा विषयावर' एकेकटीला बोलायचं नाही, असं लेखी पत्र. शाळेत मराठी टाइप फक्त माझ्याच यंत्रावर व्हायचं, तेव्हा ते पत्र मीच टाइप केलं. 'अशा विषयावर' हे शब्द मोठ्या बाईंनी सांगितले तसे उमटवले. तो कोण क्लासवाला, हे शोधायचं कुणाच्या मनातही आलं नाही. नाव नाही तर तक्रार नाही, तक्रार नाही तर काही घडलंच नाही. अळीमिळी गुपचिळी. मला याचा आजही इतका राग येतो की त्या गल्लीतून जाताना मी वेगाने जातो, आणि त्या रागातला निम्मा माझ्यावरचा आहे.

शनिवारी सकाळी प्रार्थनेला मुली जमल्या तेव्हा दारातल्या सुविचाराच्या फळ्यावर रोजचा सुविचार नव्हता. बाईंच्या ठळक अक्षरात, पिवळ्या खडूने लिहिलं होतं: 'याला लैंगिक छळ म्हणतात. यात तुझी काहीच चूक नाही. आईला हेच शब्द सांग, नाहीतर मला सांग.'

तो फळा जेमतेम पंधरा मिनिटं टिकला. मोठ्या बाईंनी गणपतमामांना पाणी मारून पुसायला लावला. तेवढ्यात किती मुली आत आल्या होत्या, नववी 'ब'च्या किती आणि त्यांतली ती होती की नाही, कुणाला सांगता येणार? उशिरा येणाऱ्या मुलींना फक्त ओला फळा दिसला. बाईंना पुढच्या आठवड्यापासून पाचवी दिली.

तरी त्यांनी त्या पाचही जणींना नववीची राहिलेली जर्नलं तपासण्याच्या निमित्ताने एकेक करून बोलावलं. त्याबद्दल त्यांनी मला फार नंतर सांगितलं. लेखी पत्र होतं, दार उघडं ठेवावं लागत होतं, बाहेर मोठ्या बाईंची फेरी चालू. "काय विचारलं मी माहितीये? क्लासला तसलं काही होत नाही ना, असं विचारलं. तसलं! आयुष्यभर मुलींना बजावलं, नाव घ्या. आणि वेळ आली तेव्हा मीच 'तसलं' म्हणाले. पाचही जणी म्हणाल्या, नाही बाई. दुसरं काय म्हणणार?"

माझ्या खोटं बोलण्यावरून मला त्या एकदाच बोलल्या. पुढच्या जूनमध्ये मला नवीन पत्र मिळालं तेव्हा म्हणाल्या, "अहो संगणक, नोकरी टिकली ना? छान." टोमणाच होता. मी वर्षभरात ती नोकरी सोडून हिंजवडीला गेलो.

बावीस वर्षांनी त्या तुकडीच्या मुलींनी शाळेत मेळावा ठरवला. बहुतेक जणी संगणकवाल्याच झालेल्या. त्यांनी नावनोंदणीसाठी लिंक केली, दारात मोबाइलवर एक खूण दाखवायची की आत. जुन्या शिक्षकांनाही बोलावलं होतं. ओव्हाळ बाईंनी कळवलं, मी येते, पण दारात वही हवी, प्रत्येकीने पेनाने सही करायला हवी, आणि वहीपाशी मी बसणार. मुली हसल्या. बाईंचं जुनं वळण, असू दे म्हणाल्या. त्या वहीचं कारण माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

बाई सत्तरी ओलांडलेल्या, हाताला कंप. स्टेजवर त्यांच्या नावाची खुर्ची रिकामी होती आणि त्या दाराशी टेबल घेऊन बसल्या होत्या. मुली येत होत्या, वाकून नमस्कार करत होत्या, मुलांचे फोटो दाखवत होत्या. बाई हसून बोलायच्या, पण सही करताना डोळे हातावरून हलायचे नाहीत. सही झाली की पेन उचलून परत वहीच्या डाव्या बाजूला ठेवायच्या. प्रत्येक वेळी. मी तासभर बघत होतो.

शेवटी आत भाषणं सुरू झाली. मी जवळ गेलो.

"एकतीस आल्या," बाई म्हणाल्या. "त्या पाचांतल्या तिघी. सगळ्यांनी उजव्या हाताने सही केली. प्राथमिकवाल्यांनी काम चोख केलंय."

"बाई, मी त्या दिवशी खोटं बोललो."

"माहीत आहे मला. मी समोरच तर बसले होते."

"आता राहू द्या बाई. बावीस वर्षं झाली. बरी असेल ती."

"असेल. नसेलही." त्यांनी चष्मा पुसला. "तिने त्या शनिवारी वाट बघितली असेल हो. वर्गात बसून, दाराकडे बघत, की बाई आता पेटी घेऊन येतील. मी पाचवीच्या वेळापत्रकावर सही करत होते तेव्हा."

वॉचमन आला आणि म्हणाला, कार्यक्रम सुरू झाला, गेट लावून घेतो. बाई म्हणाल्या, "दहा मिनिटं थांबा. कुणाकुणाला उशीर होतो."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणालो, "उघडंच राहू दे." मग एक खुर्ची ओढून बाईंच्या शेजारी बसलो. बाईंनी वहीचं नवं पान उघडलं, हाताने सपाट केलं आणि पेन उचलून डाव्या बाजूला ठेवलं.